एकवरून सतरावर

सकाळचे अकरा वाजायला पाच मिनिटं होती. आरोग्य खात्याच्या तक्रार कक्षातला फोन खणखणला आणि तपासनीस बाईंनी तो उचलला.

"मॅडम, माझ्या बाबांचा नंबर चोरीला गेलाय."

"मोबाइलचा?"

"नाही. डोळ्यांच्या इस्पितळातला, रांगेतला. सोमवारी ते पहिले होते. आज सतरावे आहेत. आणि आज चार वाजता पहिल्या नंबरचं ऑपरेशन आहे."

मुलगी रडत नव्हती. सकाळपासून तीन खोल्यांत भांडून तिचा आवाज बसला होता, एवढंच.

खात्यात तपासनीस बाईंना पाठीमागे शंकासूर म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. समोरच्याने "आज बुधवार" म्हटलं तरी त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा बघून घेत. आताही त्यांनी बघितलं. बुधवारच होता. त्यांनी चष्मा आणि वही पिशवीत टाकली आणि त्या निघाल्या.

मुलगी इस्पितळाच्या फाटकातच उभी होती. तिचे वडील घड्याळजी. बाजाराच्या कोपऱ्यावर पंचवीस वर्षांचं दुकान. उजव्या डोळ्याचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पूर्ण पांढरा पडला होता. डावाही त्याच वाटेला लागला होता. दुसऱ्या कोणाचा कॉर्निया बसवणं हा एकच उपाय होता, आणि त्यासाठी नेत्रपेढीच्या यादीत नाव होतं.

"डावा डोळा फार तर वर्षभर चालेल, असं डॉक्टर म्हणालेत," मुलगी म्हणाली. "आणि इथे महिन्या-सव्वा महिन्याला एक कॉर्निया येतो. सतरावा नंबर म्हणजे किती वर्षं, तुम्हीच सांगा."

बाईंनी मनात हिशेब केला. दीड वर्षाच्या वर. तोवर घड्याळजींना काटे सोडाच, घड्याळही दिसणार नव्हतं.

मुलीने मोबाइल पुढे केला. ती दर सोमवारी फलकावरच्या यादीचा फोटो काढून ठेवायची. परवाच्या फोटोत घड्याळजींच्या नावापुढे अनुक्रमांक एक. आज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी छापलेली नवी यादी. तिच्यात घड्याळजी सतरावे. सोमवारी दुसऱ्या असलेल्या एक मावशी आज पहिल्या. खालचे सगळे एकेक घर वर.

"बाबांना सांगितलं?"

"नाही. पहिला नंबर आला म्हणून त्यांनी दुकानाची साफसफाई काढलीय. काय तोंडाने सांगू?"

बाईंनी वहीत दोन आकडे लिहिले आणि आत गेल्या.

मुख्य डॉक्टर ऑपरेशन थिएटरच्या दाराशीच भेटले. घाईत होते, पण उर्मट नव्हते.

"मॅडम, मी यादी बनवत नाही. यादीत जो वर असेल त्याचा डोळा उघडतो. कॉर्निया आज सकाळी आलाय, पेशंट वॉर्डात आहे. चारच्या आत तुमचं काही ठरलं तर मला सांगा. नाहीतर मला सुरुवात करावी लागेल."

"कॉर्निया येणार हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल संध्याकाळी सहाला. दुपारी एक ते सहा मी आतच होतो. अण्णांनी बाहेर आल्यावर सांगितलं."

अण्णा म्हणजे नेत्रपेढीचे समन्वयक. इस्पितळात वीस वर्षं काढलेला माणूस. कॉर्निया मागवायचा, यादी छापायची, फलकावर लावायची, पहिल्या नंबरला फोन करायचा, ही सगळी कामं त्यांची. त्यांची खोली इतकी नीटनेटकी होती की बाईंना खुर्चीवर बसण्याआधी ती पुसावीशी वाटली नाही. असं त्यांच्या बाबतीत क्वचितच व्हायचं.

"विचारा, काय वाट्टेल ते विचारा," अण्णा म्हणाले. "लपवायचं काही नाही. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. मी 'यादी' लिहिलेलं बटण दाबतो, कागद बाहेर येतो. सोमवारचा वेगळा आला, आजचा वेगळा आला. मी तरी काय करणार?"

"हा कॉर्निया येणार हे पहिल्यांदा कोणाला कळलं?"

"मलाच. काल दुपारी एकला बाहेरच्या इस्पितळातून फोन आला. तिथे कोणीतरी गेलं होतं, घरच्यांनी नेत्रदान केलं. एक कॉर्निया त्यांनी ठेवला, एक आपल्याला. तपासण्या करून सकाळी पाठवतो म्हणाले."

"मग तुम्ही कोणाकोणाला सांगितलंत?"

"संध्याकाळी सरांना. बस. कॉर्निया हातात पडेपर्यंत पेशंटला एक शब्द बोलायचा नाही, हा माझा नियम आहे. उगाच आशा लावायची आणि तपासणीत तो नापास झाला तर? आज नऊला यादी छापली, फलकावर लावली, मग पहिल्या नंबरला फोन केला. त्या दहाला हजर."

मागच्या कपाटात फायली ओळीने उभ्या होत्या. गेल्या दीड वर्षाच्या सोमवारच्या याद्या, एकही गाळलेली नाही. अण्णांनी स्वतःच त्या अभिमानाने काढून दिल्या. बाईंनी पानं उलटायला घेतली. एका पानावर, एका नावापुढे, पेन्सिलीचं बारीक टिंब होतं.

"हे काय?"

"कुठे? हां, ते होय. नावं वाचताना पेन्सिल टेकते हो. हाताची सवय."

बाईंनी मान डोलावली. सगळी फाईल त्यांनी शेवटपर्यंत चाळली. अठ्ठ्याहत्तर याद्या होत्या. टिंबं तीन होती, तीन वेगवेगळ्या नावांपुढे. त्या नावांचे फोटो त्यांनी मोबाइलवर काढून घेतले. अण्णा तेवढ्यात खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होते.

संगणकाची खोली जिन्याखाली होती. ऑपरेटर तिशीचा, दाढी वाढलेला, आणि सकाळपासून सगळ्यांनी संशयाने बघितल्यामुळे चिडलेला.

"घड्याळजींचा अनुक्रमांक कोणी बदलला?" बाईंनी सरळ विचारलं.

"कोणीच नाही. तो बदलताच येत नाही."

"का?"

"कारण तो कुठे ठेवलेलाच नाही, मॅडम. डेटाबेसमध्ये माणसाचं नाव आहे, वय आहे, पत्ता, फोन, नोंदणीची तारीख आहे. अनुक्रमांक नाही. यादी मागितली की मशीन नोंदी तारखेप्रमाणे रांगेत लावतं, जुनी तारीख वर, आणि मग वरून एक, दोन, तीन असं मोजत खाली येतं. कागद छापला की आकडे संपले. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून मोजणी."

"म्हणजे शाळेत पीटीचे मास्तर रांगेला मोजायला लावत, तसं."

"अगदी तसं. कोणीही उभा असो, पहिला मुलगा 'एक' म्हणणार."

बाईंना हे नवीन होतं. फलकाखाली उभं राहून माणसं "माझा नंबर" म्हणत होती, फोटो काढत होती, घरी जाऊन सांगत होती. आणि तो नंबर कुठे लिहिलेलाच नव्हता.

"मग घड्याळजींची तारीख बदलली असेल."

"तेच मी आधी बघितलं. बदललेली नाही." ऑपरेटरने पडदा त्यांच्याकडे वळवला. कोणी, कधी, काय बदललं याची ती नोंद होती. "घड्याळजींच्या नावावर दीड वर्षात एकच बदल आहे. कालचा. दुपारी दोन वाजून वीस मिनिटं. 'खिडकी' या नावाने आत शिरून फोन नंबर दुरुस्त केलाय."

बाईंनी चष्मा चढवला. जुना फोन नंबर आणि नवा फोन नंबर शेजारी शेजारी होते. त्यांनी दोन्हींवरून बोट फिरवलं, एकेक आकडा करून. दहाच्या दहा आकडे तेच होते.

"दुरुस्ती कसली झाली यात?"

"काहीच नाही. नोंद उघडली, पुन्हा तेच लिहिलं, आणि 'जतन' दाबलं. होतं असं कधी कधी. पण फोन नंबरचा रांगेशी काही संबंध नाही. रांग फक्त तारखेवर लागते."

"सगळ्या किल्ल्या तुमच्याकडे आहेत ना? तारीख बदलायची, नोंद पुसायची?"

"आहेत. म्हणून तर सकाळपासून मी चोर." त्याने टेबलाखालून डबा काढला, उघडला आणि पुन्हा बंद केला. "वहिनीने पहाटे उठून करून दिलाय. घशाखाली उतरत नाही."

बाईंनी 'वहिनी' हा शब्द वहीत लिहिला नाही, पण ऐकला. साडेबारा झाले होते.

नोंदणीची खिडकी रोज दोनला बंद व्हायची. तिथल्या ताई ठसक्यात बोलणाऱ्या होत्या.

"काल मी दोनला निघाले ती निघालेच. मुलाच्या शाळेत सभा होती, पन्नास आयांनी मला बघितलंय."

"दोन वाजून वीस मिनिटांनी तुमच्या मशीनवर कोणीतरी काम केलं."

"करू दे की. पासवर्ड काचेखाली चिकटवलेला आहे, मला लक्षात राहत नाही. आणि खोलीची किल्ली अण्णांच्या खोलीत खिळ्याला असते. इथला कोणीही घेतो, कोणीही लावतो."

"घड्याळजींचं नाव कधी नोंदवलंत?"

"नेत्रतपासणी शिबिराच्या दिवशी. दीड वर्ष झालं. एका दिवसात एकतीस नावं चढवली मी, मान मोडली होती. त्याआधीचे पेशंट तर केव्हाच होऊन गेले. आता शिबिरातलेच सतरा राहिलेत, मग त्यांच्यानंतरचे."

"शिबिरात रांग कशी लावली होती?"

"टोकन वाटले होते. त्याच क्रमाने मी टाइप केलं."

"टोकनचा नंबर कॉम्प्युटरमध्ये आहे?"

"त्याला रकानाच नव्हता हो. तारीख घातली की झालं, असं सांगितलं होतं."

"टोकनची स्थळप्रत?"

ताईंनी कपाटाकडे बोट दाखवलं. "पुडकं असेल तिथेच कुठेतरी. मी काही फेकत नाही, घरचेही त्यावरून ओरडतात."

वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर आजची पहिल्या नंबरची पेशंट बसली होती. शिवणकाम करून उभा जन्म काढलेल्या मावशी. हिरवा गाऊन, डोळ्यावर खूण केलेली पट्टी. बाईंचा आवाज ऐकून त्यांनी अंदाजाने हात पुढे केला आणि तो बाईंच्या पिशवीला लागला.

"नर्सबाई का?"

"नाही, खात्यातून आलेय. फोन आल्यावर धांदल उडाली असेल ना?"

"छे गं बाई. कालच सगळी तयारी झाली होती. ऑपरेशन झालं की पंधरा दिवस डोक्याला पाणी लागायचं नाही म्हणे. म्हणून भावोजींनी काल संध्याकाळीच सांगितलं, वहिनी, केस धुऊन घ्या, बॅग भरून ठेवा. स्वतः पाणी तापवून दिलं."

"फार काळजी घेतात."

"लहानपणी माझ्या हातून जेवलाय तो. सासूबाई गेल्या तेव्हा सात वर्षांचा होता. त्याने लग्न केलं नाही. हे गेले, तेव्हापासून तोच बघतो माझं. तसा कमी बोलतो. नोकरीतलं तर काहीच सांगत नाही."

बाई थोडा वेळ खाटेजवळ उभ्या राहिल्या. त्यांना या बाईचा राग येत नव्हता, आणि पुढे काय करायचं आहे हे कळत असल्यामुळे बरंही वाटत नव्हतं.

बाहेर येऊन त्यांनी आस्थापना शाखेला फोन लावला. इस्पितळातल्या दोन माणसांच्या सेवापुस्तकात वारसदार म्हणून कोणाचं नाव आहे, एवढंच विचारलं. मग त्या पुन्हा जिन्याखाली गेल्या आणि ऑपरेटरसमोर तीन नावं ठेवली. अण्णांच्या फायलीत टिंब असलेली तीन.

"यांच्या नोंदीत काय काय बदललं, आणि कधी?"

ऑपरेटरने शोधलं. बाईंनी तारखा उतरवून घेतल्या.

"आता एक सांगा. आपल्या पीटीच्या रांगेत मुलं उंचीप्रमाणे उभी आहेत. पण एकतीस मुलांची उंची अगदी एकसारखी असेल तर त्यांच्यात आधी कोण?"

ऑपरेटरने खुर्ची पडद्याकडे ओढली.

"सगळ्या डेटाबेसची एक प्रत काढा," बाई म्हणाल्या. "खऱ्याला हात लावू नका. प्रतीत मी सांगते ते करा."

तीन वाजता नोंदणीच्या खोलीत पाच जण होते. डॉक्टर, अण्णा, ऑपरेटर, खिडकीवाल्या ताई, आणि दाराजवळच्या स्टुलावर घड्याळजींची मुलगी. बाई टेबलामागे उभ्या राहिल्या.

"सकाळपासून सगळे एकच विचारतायत, घड्याळजींचा नंबर कोणी बदलला. कोणीही नाही. नंबर मशीनमध्ये नसतोच. यादी छापताना तो मोजला जातो. मशीनला सांगितलंय, तारखेप्रमाणे लाव. पण शिबिरातल्या एकतीस जणांची तारीख एकच. त्यांच्यात आधी कोण, हे मशीनला कोणीच सांगितलेलं नाही."

"मग दीड वर्ष यादी टोकनच्या क्रमाने कशी आली?" डॉक्टरांनी विचारलं.

"ताईंनी त्या क्रमाने टाइप केलं म्हणून. नोंदी जशा आत पडल्या होत्या तशाच मशीन उचलत राहिलं. सगळ्यांना वाटलं, हा नियम आहे. तो योगायोग होता. आता हे बघा."

त्यांनी ऑपरेटरला खूण केली. प्रतीवरची यादी पडद्यावर आली. शिवणवाल्या मावशी एकवर. ऑपरेटरने त्यांची नोंद उघडली, फोन नंबर होता तोच पुन्हा लिहिला, 'जतन' दाबलं आणि यादी पुन्हा मागवली. मावशी सतरावर होत्या.

मुलगी स्टुलावरून उठली.

"नोंद पुन्हा जतन केली की आमचं मशीन तिची नवी प्रत शेवटी टाकतं," ऑपरेटर खाली मान घालून म्हणाला. "तारखा वेगळ्या असतील तर काही फरक पडत नाही. सारख्या असतील तर तो माणूस त्या गटात तळाला जातो. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं."

"तुमच्या आलं नाही," बाई म्हणाल्या. "पण एकाच्या आलं होतं. काल दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी कोणीतरी या खोलीत बसून घड्याळजींचा फोन नंबर दुरुस्त केला. तोच नंबर पुन्हा लिहिला. ज्याला दुरुस्ती करायची आहे तो आकडा बदलतो. याला फक्त 'जतन' दाबायचं होतं. हा कोण?"

ऑपरेटरने खाली घातलेली मान वर केली.

"ऑपरेटर नाही. त्याच्या हातात सगळ्या किल्ल्या आहेत, त्याला ही पळवाट लागत नाही. आणि काल दुपारी कॉर्निया येतोय हे त्याला माहीत नव्हतं. ताई शाळेत होत्या. डॉक्टर थिएटरमध्ये. कॉर्निया येणार हे दोन वाजून वीस मिनिटांनी या इमारतीत एकाच माणसाला ठाऊक होतं. त्याने ते मला स्वतःच सांगितलं."

अण्णांनी चष्मा काढून रुमालाने पुसायला घेतला.

"बाई, मी तुम्हाला म्हटलं होतं. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही."

"कॉम्प्युटरमधलं नसेल कळत. याद्यांमधलं कळतं. तुमच्या फायलीत तीन टिंबं आहेत. हाताची सवय असती तर पानोपानी असती. दीड वर्षात या तिघांनीच फोन नंबर बदलले. तिघांच्याही बाबतीत पुढच्या सोमवारी ते तळाला गेले, आणि तिन्ही वेळा तुमची पेन्सिल तिथे टेकली. पहिल्या वेळी तुम्हाला नवल वाटलं असेल. तिसऱ्या वेळी खात्री झाली."

"याने काय सिद्ध होतं?"

"याने एवढंच की युक्ती तुम्हाला माहीत होती. बाकीचं तुमच्या वहिनींनी सांगितलं. कॉर्निया हातात येईपर्यंत पेशंटला एक शब्द बोलत नाही, हा तुमचा नियम ना? वॉर्डातल्या मावशींना त्यांच्या भावोजींनी काल संध्याकाळीच केस धुवायला सांगितले. कॉर्निया आज सकाळी आला. भावोजींना काल कसं कळलं? मला आधी ऑपरेटरचा संशय आला, वहिनीच्या डब्यामुळे. म्हणून दोघांची सेवापुस्तकं विचारली. तुमच्या पुस्तकात वारसदाराच्या रकान्यात जे नाव आहे, तेच आज यादीत पहिलं आहे."

अण्णांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला नाही. हातातच ठेवला.

"मी एक अक्षर बदललेलं नाही," ते म्हणाले. "तारीख तीच, नाव तेच, फोन तोच. तुम्हीच म्हणालात, आधी कोण हे मशीनला कोणी सांगितलेलं नाही. मग घड्याळजी आधी, हे तरी कोणी ठरवलं? वहिनीला आता माझा चेहरा दिसत नाही. आवाजावरून ओळखते. वीस वर्षं मी लोकांना फोन करतोय, तुमचा नंबर लागला म्हणून. एकदा घरी सांगावंसं वाटलं."

मुलगी पुन्हा स्टुलावर बसली.

"अण्णा, कालचं मी एक वेळ समजून घेईन," बाई म्हणाल्या. "पण ती तीन टिंबं? ती माणसं तळाला गेली, तुम्हाला कळलं, आणि तुम्ही गप्प बसलात. कारण दर वेळी तुमच्या वहिनी एक घर वर चढत होत्या."

अण्णांनी चष्म्याची घडी घातली आणि तो खिशात ठेवला.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "तीन वीस. मग आज कोण? घड्याळजी?"

मुलीने बाईंकडे बघितलं. बाईंनी ताईंना खूण केली. ताईंनी कपाटातून धुळकट पुडकं काढलं, सुतळी सोडली आणि शिबिराच्या टोकनच्या स्थळप्रती टेबलावर क्रमाने मांडल्या. ज्यांची ऑपरेशनं झाली होती त्या बाजूला काढल्या. सतरा उरल्या.

सगळ्यात वर टोकन दोन होतं. मग नऊ. मग पंधरा. ही तीन टिंबवाली माणसं. मग अठरा, घड्याळजी. मग एकोणीस, मावशी.

"दोन नंबर म्हणजे तो बेकरीत भट्टीवर काम करणारा," ताई म्हणाल्या. "मला आठवतोय. वर्ष होऊन गेलं. अर्धा दिवस खाडा करून आला होता, फोन नंबर बदललाय म्हणून सांगायला. म्हणाला, ताई, नीट लिहा, तुमचा फोन चुकायला नको."

"आणि त्याच दिवशी तो तळाला गेला," ऑपरेटर म्हणाला.

मुलगी पुढे आली. तिने टेबलावरच्या कागदांवर बोट ठेवून मोजलं. एकदा वरून, पुन्हा एकदा वरून.

"म्हणजे बाबा पहिले नव्हतेच."

"नव्हते," बाई म्हणाल्या. "चौथे आहेत."

"मग मी सकाळपासून भांडले ती कोणासाठी?"

बाईंनी भट्टीवाल्याचा नंबर फिरवला. तिसऱ्या घंटेला फोन उचलला गेला. पलीकडे पत्र्यांचा खणखणाट होता.

"मी? आज?" माणूस म्हणाला. "काहीतरी चूक आहे मॅडम. परवा मी पंधरावा होतो. मुलाने वाचून दाखवलं होतं."

"चूक दुरुस्त झालीय. किती वेळात येता?"

"एवढे पाव काढले की निघतो," तो म्हणाला, आणि मग आवाज बदलून, "नाही नाही. आत्ताच निघतो."

डॉक्टरांनी ऑपरेशन सहाला ढकललं. ऑपरेटरने सगळ्यांच्या देखतच डेटाबेसमध्ये टोकनचा नवा रकाना घातला, सतरा आकडे एकेक वाचून भरले, आणि तारखेनंतर टोकनप्रमाणे रांग लावायला मशीनला सांगितलं. मग त्याने घड्याळजींची नोंद मुद्दाम दोनदा जतन केली. यादी दोन्ही वेळा तशीच आली. बाईंनी तिसऱ्यांदा करायला लावलं.

अण्णा भिंतीशी उभे होते. निलंबनाच्या कागदावर त्यांनी न वाचताच सही केली.

"वहिनीला कोण सांगणार?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

ते वॉर्डाकडे निघाले. जिन्यात त्यांनी कठडा धरला होता. वहिनींच्या खाटेपर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला.

मुलीने फाटकाशी उभं राहून दुकानात फोन लावला. बाई शेजारीच होत्या, त्यांना दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"बाबा, आजचा कॉर्निया दुसऱ्याला देतायत. एका भट्टीवाल्याला. तो खरंच आपल्या आधीचा होता, मी कागद बघितला."

"बरं. आणि आपला कितवा?"

"चौथा. म्हणजे आज एक गेला की तिसरा. चारेक महिने लागतील म्हणतात."

पलीकडे कुठलं तरी घड्याळ टोले देत होतं.

"या वेळी लिहून ठेवलाय का कुठे?" घड्याळजींनी विचारलं.

"हो बाबा," मुलगी म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आलं. "या वेळी लिहून ठेवलाय."